तीन हंगामांनंतर भरायचा रकाना

ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी गावात आम्ही राहायला आलो, तेव्हापासून शेजारच्या निवृत्त अभियंत्यांशी आमचा घरोबा आहे. माझी मुले त्यांना आजोबाच म्हणतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून ते १९७० च्या दशकात शिकून बाहेर पडले आणि विद्यापीठाची सोन्याची अंगठी आजही त्यांच्या बोटात असते. डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी ते पहाटेच पिवळ्या कागदांची वही उघडून बसतात, कारण शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुले आपण कोणत्या विद्यापीठाकडून फुटबॉल खेळणार याच्या करारावर त्या दिवशी सह्या करतात. पूर्वी या सह्या फेब्रुवारीत होत असत. २०१७ पासून डिसेंबरातही मुभा मिळाली आणि आता बहुतेक मुले तेव्हाच निर्णय घेऊन मोकळी होतात. अशा एका वर्षी सही करून आलेल्या मुलांच्या तुकडीला इथे ‘रिक्रूटिंग क्लास’ म्हणतात, आणि ती तुकडी कशी आहे याची चर्चा पुढचे दोन महिने कार्यालयात, केशकर्तनालयात आणि चर्चच्या अंगणात चालते.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा फुटबॉल, शाहू स्टेडियमची गर्दी, आणि तुम्ही पाटाकडील तालमीचे की दिलबहारचे हा पेठापेठांतला प्रश्न. इथला लंबगोल चेंडूचा खेळ समजायला मला दोन हंगाम लागले, परंतु त्यामागची निष्ठा पहिल्याच दिवशी ओळखीची वाटली. दीड तासाच्या अंतरावर असलेल्या कॉलेज स्टेशन गावातल्या काइल फील्ड या ए अँड एमच्या मैदानावर १,०२,७३३ प्रेक्षक बसतात आणि विद्यार्थी संपूर्ण सामना उभे राहून पाहतात. आमच्या केटीतही शाळकरी मुलांच्या सामन्यांसाठी २०१७ मध्ये सुमारे ७ कोटी डॉलर खर्चून १२,००० आसनांचे लेगसी स्टेडियम बांधले गेले. विद्यापीठांचे प्रशिक्षक मुले हेरायला येतात ते अशाच मैदानांवर.

हेरलेल्या मुलांना गुण देण्याचे काम काही खासगी संस्था करतात. देशभरात शाळांतून फुटबॉल खेळणारी मुले १० लाखांच्या आसपास आहेत. त्यांतल्या तीसेक मुलांना दर वर्षी पाच तारे मिळतात, काही शेकड्यांना चार आणि त्याहून पुष्कळ अधिक मुलांना तीन. पाच ताऱ्यांचा आकडा इतका लहान ठेवण्यामागे हिशेब असा आहे, की व्यावसायिक लीगच्या निवड प्रक्रियेतील पहिल्या फेरीत ३२ खेळाडू घेतले जातात, आणि त्या योग्यतेची मुले आधीच ओळखावीत. मग प्रत्येक विद्यापीठाच्या मुलांच्या गुणांची बेरीज होते. सर्वांत चांगल्या मुलाचे गुण जवळजवळ पूर्ण धरतात आणि खालच्या मुलांचे वजन क्रमाने कमी होत जाते. त्यातून देशातील पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकाची तुकडी ठरते. बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची तेव्हाचे वातावरण ज्यांना आठवते, त्यांना या दिवसाची कल्पना सहज येईल.

ही यादी खोटी नसते, हे आधी सांगितले पाहिजे. बड एलियट या पत्रकाराने लावलेला एक निकष प्रसिद्ध आहे: मागील चार वर्षांत घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले चार किंवा पाच ताऱ्यांची असतील, तरच संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या शर्यतीत असतो. २०११ ते २०२४ या हंगामांतला प्रत्येक विजेता या कसोटीला उतरलेला होता. तेव्हा ‘ताऱ्यांना काही अर्थ नसतो’ असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

तरीही आजोबांच्या वहीत ताऱ्यांचा रकानाच नाही, आणि त्याचे कारण २०२२ ची तुकडी आहे. त्या वर्षी ए अँड एमने मिळवलेल्या मुलांची बेरीज तोवरच्या सर्व विद्यापीठांपेक्षा अधिक भरली. पाच ताऱ्यांची अर्ध्या डझनाहून अधिक मुले एकाच वेळी आली. एकट्या बचावाच्या आघाडीच्या फळीतच वॉल्टर नोलन, शेमार स्टुअर्ट, एल. टी. ओव्हरटन अशी नावे होती. अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी ही मुले पैशाने विकत घेतल्याचा जाहीर आरोप केला आणि ए अँड एमचे प्रशिक्षक जिम्बो फिशर यांनी तो तितक्याच जाहीरपणे फेटाळला. सप्टेंबर उजाडला, आणि १० तारखेला स्वतःच्या मैदानावर संघ ॲपलाचियन स्टेटकडून १४-१७ असा हरला. हंगाम संपला तेव्हा ५ विजय आणि ७ पराभव होते. आणि त्याच हंगामात, त्याच राज्यातल्या फोर्ट वर्थचे टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ (टीसीयू) कितीतरी कमी तारे असलेल्या, पण जुन्या आणि एकमेकांना सरावलेल्या खेळाडूंच्या बळावर राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. तिथे जॉर्जिया विद्यापीठाने त्यांचा ६५-७ असा धुव्वा उडवला, हेही विसरता येत नाही. ताऱ्यांचे महत्त्व त्या रात्री पुन्हा दिसले.

पुढे त्या तुकडीचे काय झाले, हे मी आजोबांच्या वहीतून नीट वाचले आहे. नोलन विद्यापीठ बदलून मिसिसिपीला गेला, ओव्हरटन अलाबामाला, झेलकरी एव्हन स्टुअर्ट ओरेगनला. नोव्हेंबर २०२३ मध्ये फिशर यांना काढण्यात आले आणि करार मोडल्याबद्दल विद्यापीठावर ७.५ कोटी डॉलरांहून अधिक रकमेचे देणे आले. मात्र एप्रिल २०२५ मध्ये व्यावसायिक संघांची निवड झाली, तेव्हा नोलन सोळावा आणि शेमार स्टुअर्ट सतरावा असे लागोपाठ निवडले गेले. म्हणजे तारे देणाऱ्यांनी मुलांची ताकद बरोबर ओळखली होती. शेमार तर तिन्ही वर्षे ए अँड एममध्येच राहिला, आणि त्या तीन हंगामांत मिळून त्याने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, अवघे साडेचार वेळा पाडले (दोघांनी मिळून पाडले, तर प्रत्येकाच्या नावावर अर्धा धरतात). ताकद होती, ती मैदानात का उतरली नाही, हाच खरा प्रश्न होता.

आजोबांचे उत्तर मला पटते. त्यांच्या मते मुलांची बेरीज करून तुकडीची किंमत ठरवणे हीच मूळ चूक आहे. एकाच जागेसाठी चार उत्तम मुले आणली, तर तिघांना बाकावर बसावे लागते, आणि अठरा वर्षांच्या मुलाला बाकावर बसणे सोसत नाही. त्यातच बचावाचे प्रशिक्षक माइक एल्को सह्यांच्या काही दिवस आधी ड्यूक विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक होऊन निघून गेले; ज्यांच्या हाताखाली शिकायचे, तेच गेले. काळही असा होता, की २०२१ मध्ये खेळाडूंना स्वतःचे नाव आणि प्रसिद्धी वापरून पैसे मिळवण्याची परवानगी मिळाली होती आणि एकदा विद्यापीठ बदलल्यास एक वर्ष बाहेर बसण्याची अटही त्याच वर्षी गेली होती. तुकडी टिकवून धरणारे जुने बांध सुटले होते.

म्हणून त्यांच्या वहीतले रकाने वेगळे आहेत. पहिला रकाना हाडापेराचा. आक्रमणाच्या फळीतला मुलगा आज किती वजनाचा आहे यापेक्षा त्याची चौकट आणखी किती वजन पेलू शकेल, ते ते पाहतात. आमच्या तालमीतले वस्तादही पोराचे मनगट, खांदे आणि पिंढरी पाहून हाच अंदाज बांधत, असे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडून कुस्तीची आणखी माहिती विचारून घेतली. दुसरा रकाना, मुलगा आणखी कोणता खेळ खेळतो याचा. धावण्याच्या शर्यतीतला वेळ घड्याळावर मोजलेला असतो. प्रशिक्षकाने शिफारशीत लिहिलेल्या वेगावर ते विश्वास ठेवत नाहीत. गॅल्व्हेस्टनचा माइक इव्हान्स शाळेत मुख्यतः बास्केटबॉल खेळला, फुटबॉलचा त्याचा एकच हंगाम झाला आणि त्याला तीनच तारे मिळाले. २०१४ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत तो देशात सातवा निवडला गेला. उंच उडी घेऊन चेंडू हवेतून काढून घेण्याची त्याची सवय बास्केटबॉलच्या मैदानावरची होती, हे आजोबा आजही उत्साहाने सांगतात. तिसरा रकाना गरजेचा: पुढच्या वर्षी त्या जागेवरून कोण बाहेर पडणार आहे आणि नव्या मुलाला शिकायला किती वेळ मिळणार आहे.

या तिसऱ्या रकान्यामुळे मला कॉनर वेगमन आठवतो. आमच्या शेजारच्या सायप्रसचा हा क्वार्टरबॅक २०२२ च्या तुकडीतला. पहिल्याच वर्षी, संघ हरत असताना, त्याला मैदानात उतरावे लागले. दुसऱ्या वर्षी दुखापतीने हंगाम गेला. तिसऱ्या वर्षी त्याची जागा मार्सेल रीडने घेतली. त्यानंतर तो ह्यूस्टन विद्यापीठात, म्हणजे घराजवळ, परत आला आणि २०२५ मध्ये तिथला पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक झाला. त्याला मिळालेले तारे चुकीचे होते, असे मला म्हणवत नाही. त्याच्या वाट्याला निवांत शिकण्याचा काळ आला नाही, एवढे मात्र नक्की.

आता विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली आहेत. २०२५-२६ साठी सर्व खेळ मिळून मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलरांची होती. एल्को आता ए अँड एमचे मुख्य प्रशिक्षक आहेत, आणि २०२५ च्या संघातले के. सी. कन्सेप्शन व मारिओ क्रेव्हर हे दोन महत्त्वाचे झेलकरी दुसऱ्या विद्यापीठांतून आलेले होते. त्यामुळे शाळेतून येणाऱ्या तुकडीचे महत्त्व संपले, असे माझ्या कार्यालयातले काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. झेलकरी बाहेरून आणता येतो. पाच जणांची आक्रमणाची फळी मात्र दोन-तीन वर्षे एकत्र घासूनच तयार होते, आणि ती मुले शाळेतूनच हेरावी लागतात.

आजोबांच्या वहीत प्रत्येक नावापुढे शेवटचा एक रकाना रिकामा असतो. तो ते तीन हंगामांनंतर भरतात. गेल्या बुधवारी नव्या तुकडीची नावे लिहून झाल्यावर त्यांनी मागची पाने उलटली आणि तीन वर्षांपूर्वीची यादी माझ्यासमोर ठेवली. त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून अक्षर माझे, मत त्यांचे, असे ठरले आणि आम्ही पहिल्या नावापासून सुरुवात केली.