अर्धा मिलिमीटर आणि १३६ बदकं

माझं काम काठांचं. गोधडीचा मधला भाग लोक हौसेने जोडतात, वर्ष-दोन वर्षं त्यात रमतात, आणि काठापाशी आले की अडतात. मग ती घडी माझ्याकडे येते. मी काठ बेतते, लावते, कोपरे बसवते. आत भरण घालणं आणि वर धावदोरा मारणं ज्याचं त्याने करायचं.

हे काका आयुष्यभर लेथवर, म्हणजे लोखंड कातण्याच्या यंत्रावर, उभे राहिलेले. निवृत्त झाल्यावर शिवणयंत्र घेतलं आणि नातीसाठी गोधडी करायला बसले. फोनवर त्यांनी माप सांगितलं ते सुद्धा ड्रॉइंग वाचून दाखवावं तसं. "साठ बाय बहात्तर. सहा इंची ठोकळे, आडवे दहा, उभे बारा. प्रत्येक ठोकळ्यात दोन इंची नऊ चौकोन. लिहून घ्या, ताई." काठ त्यांना बदकांचा हवा होता. निळी बदकं, फिकट आभाळ, आणि सगळी बदकं गोधडीभोवती एकाच दिशेने उडत जायला हवीत.

या नमुन्याला शिवणारे 'फ्लाइंग गीज' म्हणतात. चार इंच रुंद, दोन इंच उंच आयत. त्यात एक मोठा त्रिकोण म्हणजे बदक आणि दोन्ही बाजूंना दोन छोटे त्रिकोण म्हणजे आभाळ. असे आयत एकापुढे एक लावले की रांग उडायला लागते. प्रत्येक बदक दोन इंच जागा खातं, म्हणून साठ इंचाच्या बाजूला ३० आणि बहात्तरच्या बाजूला ३६. चारही बाजू धरून १३२. चार-चार बदकं एकदम करायची एक पद्धत आहे: सव्वापाच इंचाचा एक निळा चौकोन आणि २ इंच ७ सुताचे चार फिके चौकोन घेतले की त्यातून बरोबर चार बदकं निघतात. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. काका सुतातच बोलतात, आणि त्या दिवशी मीही तसंच बोलत होते.) कापड त्यांनी आधीच पाठवलं होतं. वेळ कमी होता, म्हणून मी चार संध्याकाळी बसून १३२ बदकं शिवली, त्यांच्या चार पट्ट्या जोडल्या, चार कोपरेही करून ठेवले.

गोधडी डोळ्यांनी बघण्याआधी काठ कापायचा नाही, हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते.

सकाळी काका गोधडी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते नातीकडे निघणार होते, काठ त्याच दिवशी हवा होता. मी वरचा थर मोठ्या टेबलावर पसरला, हाताने सारखा केला आणि टेप लावली. मोजायचं ते मधून, कडेने नाही. कडा हाताळून, इस्त्रीने ओढून ताणलेल्या असतात; कडेच्या मापाचा काठ कापला तर तो लाटांसारखा वरखाली होतो आणि मग कितीही इस्त्री करा, झोळ जात नाही. चारही बाजूंना पाव-पाव इंच मार्जिन (शिवणीत जाणारं कापड) धरून मधलं माप साडेसाठ बाय साडेबहात्तर यायला हवं होतं.

आलं ५९ इंच ३ सूत. उभं माप ७१ इंच १ सूत. वरची कड ५९ इंच ७ सूत, खालची पूर्ण ६०.

मी पुन्हा मोजलं. काका म्हणाले, "टेप ढिली असेल." त्यांनी पिशवीतून स्टीलची पट्टी काढली. तेच. आडवं १ इंच १ सूत कमी, उभं १ इंच ३ सूत कमी. आणि शेजारच्या खुर्चीवर माझी १३२ बदकं, साठ आणि बहात्तरच्या मापाला जोडून, घडी घालून ठेवलेली.

"तुमची शिवण जाड पडलीय, काका," मी म्हणाले. पाव इंचाऐवजी थोडं जास्त मार्जिन घेतलं की असं होतं, दर आठवड्याला एक तरी गोधडी अशी येते. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. काही न बोलता त्यांनी व्हर्नियर कॅलिपर काढला, मिलिमीटरचेही अंश मोजणारं जबड्यांचं माप. गोधडी शिवणाऱ्याच्या पिशवीत कॅलिपर मी पहिल्यांदाच बघत होते. कडेजवळची एक शिवण त्यांनी स्वतःच उसवली, सुईच्या भोकांपासून कापडाच्या कडेपर्यंत जबडे लावले आणि माझ्यासमोर धरलं. ६.३५ मिलिमीटर. म्हणजे बिनचूक पाव इंच. दुसरी शिवण उसवली, तीही तेवढीच. तिसरी उसवायला मी दिली नाही.

खरं सांगायचं तर क्षणभर मलाही कळेना. शिवण बरोबर, चौकोन बरोबर कापलेले (तेही आम्ही मोजले), मग इंचभर कापड गेलं कुठे? उत्तर मला माहीत होतं, रोजच्या सवयीत होतं, म्हणूनच ते पटकन शब्दांत येत नव्हतं. मी त्यांना यंत्रापाशी नेलं. दीड-दीड इंचाच्या तीन पट्ट्या कापल्या आणि त्यांच्यासारखी नेमकी ६.३५ वर टीप मारून शेजारी शेजारी जोडल्या. इस्त्री केली. हिशोबाने रुंदी साडेतीन इंच यायला हवी. दोन मिलिमीटर कमी आली. मग तशाच आणखी तीन पट्ट्या घेतल्या, टीप केसभर कडेकडे सरकवली आणि जोडल्या. साडेतीन.

शिवण उलगडून इस्त्रीने एका बाजूला दाबली की कापड दोऱ्यावरून वळतं. त्या वळणात कापडाची जाडी आणि दोऱ्याची जाडी खर्च होते. एका बाजूला जेमतेम अर्धा मिलिमीटर, दोन बाजू धरून एक. म्हणून ठिगळकाम करणारे पाव इंच म्हणतात पण शिवताना पाव इंचाला एक-दोन धागे कमीच शिवतात.

काकांनी कागद मागितला. आडव्या ओळीत दहा ठोकळे, प्रत्येकात आतल्या दोन शिवणी, म्हणजे वीस, ठोकळे जोडणाऱ्या नऊ, एकूण २९. एका शिवणीला एक मिलिमीटर, २९ मिलिमीटर. इंचात १ इंच १ सूत. उभ्या बाजूला २४ आणि ११, म्हणजे ३५ मिलिमीटर. १ इंच ३ सूत. दोन्ही आकडे गोधडीवरच्या तुटीशी जुळले. त्यांनी पेन खाली ठेवलं. "लोखंड दुमडत नाही हो," ते म्हणाले, आणि मग स्वतःशीच हसले. कामात वर्षानुवर्षं टॉलरन्स, म्हणजे मापातली चालवून घेतलेली बारीक चूक, साठत जाण्याशीच ते झगडले होते, त्यामुळे पुढचं काही समजावायची गरज पडली नाही.

हिशोब लागला, पण बदकं तर बसत नव्हतीच. बदकं उसवून लहान करता येत नाहीत, टोकं छाटली जातात. मधला भाग ताणता येत नाही. उरतो एकच रस्ता, मधला भाग आणि बदकं यांच्यामध्ये एक साधी पट्टी घालायची आणि तिच्या रुंदीत सगळी तूट भरून काढायची. साठ बाय बहात्तर गाठायला ही पट्टी अर्ध्या इंचाहून थोडीच रुंद झाली असती. इतकी बारीक पट्टी मला आवडत नाही. टीप धाग्याएवढी हलली तरी ती कुठे जाड, कुठे बारीक दिसते, आणि गोधडीभर ती एकच चूक डोळ्यांत खुपते. त्यापेक्षा एक पायरी वर जाऊन ६२ बाय ७४ करावं असं मी म्हटलं. मग पट्टी आडव्या मापात प्रत्येक बाजूला १ इंच साडेचार सूत, उभ्या मापात १ इंच साडेपाच सूत. दोन्हींत एका सुताचा फरक. तो कुणाला दिसत नाही. अर्थात काकांना दिसला असता, म्हणून मी तो आधीच सांगून टाकला.

मात्र ६२ ला ३१ बदकं लागतात आणि ७४ ला ३७. एकूण १३६. चार कमी. एका घासाचं काम, पण निळ्या कापडाचा जो शेवटचा तुकडा उरला होता तो पाच इंच रुंद आणि नऊ इंचांहून बोटभर लांब. माझ्या पद्धतीला सव्वापाचचा चौकोन लागतो. दोन सुतांनी हुकलं.

मी दुसरं एखादं निळं शोधायला कपाट उघडत होते, तेव्हा काकांनी तुकडा टेबलावर ठेवून त्यावर पट्टी फिरवली. "बदक सुटं सुटं केलं तर?" त्यांनी विचारलं. मला स्वतःचीच लाज वाटली. अडीच बाय साडेचारचा निळा आयत घ्यायचा, दोन्ही टोकांवर अडीच इंची फिके चौकोन ठेवायचे, कर्णावर टीप मारायची, कोपरा छाटून उलटायचा. कापड थोडं वाया जातं म्हणून मी ही पद्धत वापरत नाही. पण पाच इंचांत अडीच-अडीचचे दोन, नऊ इंचांत साडेचारचे दोन. चार आयत त्या तुकड्यात ठोकून बसवल्यासारखे बसले.

साध्या पट्ट्या मी कापडाच्या उभ्या धाग्यात कापल्या. आडवा धागा ताण देतो, उभा देत नाही, आणि काठाला ताण नकोच असतो. लांबी मधल्या मापाची. कडा मात्र त्याहून चार-पाच सूत जास्त होत्या. काका इस्त्री दाबत नव्हते, शर्टावर फिरवावी तशी फिरवत होते, त्याने त्या ओढल्या गेल्या होत्या. हे जादा कापड जिरवायला मी पट्टी आणि गोधडी दोन्हींचे मध्य जुळवले, मग चतुर्थांश, मग त्यांच्या मध्ये पिना. शिवताना ढगळ थर खाली, यंत्राच्या दात्यांवर. दाते खालचं कापड किंचित जास्त ओढतात आणि ढिलाई चुणी न पडता आत जाते. पट्टी मुद्दाम अडीच इंच रुंद ठेवली होती. चारही लावून झाल्यावर शिवणीपासून मोजत छाटली आणि मार्जिन धरून नेमकं साडेबासष्ट बाय साडेचौऱ्याहत्तर केलं. आता गोधडी गुण्यात होती, म्हणजे चारही कोपरे काटकोनात. दोन्ही कर्ण मोजले, सारखे.

मग मी बदकांची पहिली पट्टी उचलली. नवीन बदक जोडण्याआधी सहज टेप लावली. तीस बदकांची पट्टी, साडेसाठ हवी. साठ इंच एक सूत.

काका टेबलाच्या पलीकडे उभे होते. ते काही म्हणाले नाहीत. कॅलिपर तेवढा खिशातून काढून टेबलावर ठेवला.

कारण शोधायला वेळ लागला नाही. त्या एका पट्टीच्या वेळी माझा ५० नंबरचा दोरा संपला होता आणि मी ४० नंबरचा भरला होता. दोऱ्याचा नंबर उतरतो तसा दोरा जाड होतो, आणि जाड दोऱ्यावरून कापड वळायला जागा जास्त लागते. टीप तीच, मीही तीच. इतक्या वेळ काकांना जे शिकवत होते ते माझ्याच हातून घडलं होतं. सहा शिवणी उसवल्या, बारीक दोऱ्याने अर्धं-अर्धं सूत मोकळ्या करून पुन्हा मारल्या. तीन सूत परत मिळाले.

पुढचं काम मला सगळ्यांत आवडतं. बदकांची पट्टी वर ठेवून शिवायची, म्हणजे मागच्या बाजूने शिवणींच्या रेषा दिसतात. जिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे फुली दिसते, आणि ती फुली म्हणजेच बदकाचं टोक. टीप फुलीवरून गेली तर टोक धारदार राहतं, एक धागा आत गेली तर बोथट होतं. एका बाजूला ३७ बदकं म्हणजे त्या शिवणीवर ३७ टोकं. मी यंत्र इतकं हळू चालवते की बघणाऱ्याला ते बंद पडलंय असं वाटावं. काका स्टूल घेऊन शेजारी बसले. मधे एकदा लेथवरच्या भाषेत, म्हणजे सरकण्याच्या वेगाबद्दल, म्हणाले, "फीड कमी ठेवलंय वाटतं." हो, म्हटलं.

डावी बाजू लागली, उजवी लागली. उभं राहून बघितलं तर डावीकडची बदकं वर चाललेली आणि उजवीकडचीही वर. गोल फिरायचं तर एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली जायला हवं. साडेचौऱ्याहत्तर इंचांची शिवण उसवली. पट्टी अर्धी फिरवून पुन्हा लावली. यावर मला जास्त बोलायचं नाही.

वरच्या आणि खालच्या पट्टीला टोकांशी चार इंची कोपरे जोडले होते, निळा-फिका अर्धा-अर्धा. कर्ण असा ठेवला की आलेलं बदक त्यावर आदळून वळतंय असं वाटावं. शेवटची टीप मारली तेव्हा बाहेर अंधार पडला होता. मार्जिन धरून साडेसत्तर बाय साडेब्याऐंशी. काकांनी तिन्ही ठिकाणी मोजलं, वर, मधे आणि खाली. मग गोधडी जमिनीवर पसरून तिच्याभोवती एक फेरी मारली, बदकं जातात त्याच दिशेने.

एका जागी थांबून ते वाकले. खालच्या पट्टीतलं नवीन जोडलेलं बदक, सुटं केलेल्या चारांपैकी एक. त्याचं टोक बोथट होतं. मी उसवणी हातात घेतली.

"राहू दे," ते म्हणाले. "हे माझ्या तुकड्यातलं आहे."

घडी घालताना त्यांनी विचारलं, टीप केसभर कडेकडे म्हणजे किती, मिलिमीटरमध्ये सांगा. ५.८ ते ५.९ धरा, मी म्हणाले, आणि आधी तीन पट्ट्या शिवून बघा. त्यांनी ते खिशातल्या वहीत लिहून घेतलं. खाली दोऱ्याचा नंबर लिहिला आणि त्याभोवती चौकट केली.