जमत नसेल तर

रात्रीचा एक वाजून गेलाय. लॅपटॉप चालू झालाय, काकांच्या टेबलावर नेऊन ठेवलाय, म्हणजे आता गुपचूप झोपायला हरकत नव्हती. पण काल संध्याकाळपासून डोक्यात काकांचं एकच वाक्य घरघरतंय. "राहू दे गं, जमत नसेल तर."

बास, एवढंच. रागावून नाही, टोमणा म्हणून पण नाही. चष्मा कपाळावर सरकवला, अगदी मायेने म्हणाले आणि उठून आतल्या खोलीत गेले. रागावले असते ना, तर मी पण दोन शब्द ऐकवले असते आणि विषय संपला असता. हे असं मायेने बोललं की काय करायचं माणसाने.

आणि मागितलं काय होतं त्यांनी? तारीख! "तारीख मागे पडतेय गं, सेव्ह केलेलं खाली कुठेतरी जाऊन बसतं, सापडत नाही." बाकी लॅपटॉप त्यांच्या मते ठणठणीत. विंडोज एक्सपी, २००९ मध्ये मीच टाकलेली, कारण लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजवर त्यांचा टायपिंगचा प्रोग्रॅम चालेना. नेट मीच काढून टाकलंय, एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद झाले तेव्हाच. मोठी बॅटरी कधीची मेलीये, चार्जर लावला की चालू, काढला की बंद. त्या प्रोग्रॅमची सीडी घर बदलताना गेली ती गेलीच, त्यामुळे दादाचा फोनवरचा सल्ला, "अगं फॉरमॅट मार ना सरळ," हा ऐकून घेण्यापुरता. फॉरमॅट मारलं की प्रोग्रॅम गेला, प्रोग्रॅम गेला की काका गेले... म्हणजे त्या अर्थाने नाही, पण कळतंय ना.

घड्याळ मागे पडायला लागलं म्हणजे मदरबोर्डवरचा छोटा सेल उतरलाय, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, कोटाच्या बटणाएवढा. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं आणि बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी उठून मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची, सेटिंग लक्षात ठेवायची, ही दोन कामं त्याची. लोकांना पहिलंच लक्षात राहतं, दुसरं नाही. लोकांना म्हणजे मला.

"पाच मिनिटांचं काम आहे काका." हे पण मीच म्हणाले होते बुधवारी, आणि आज हे वाक्य त्यांच्या वाक्यापेक्षा जास्त टोचतंय.

बुधवारी मागचं झाकण उघडलं. चार स्क्रू, त्यातल्या एकाचं डोकं आधीच पिळलेलं, तो बहुतेक माझाच प्रताप २००९ मधला. सेल काळ्या प्लॅस्टिकच्या वेष्टणात, त्यातून एक लाल एक काळी अशा दोन वायरी आणि टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं कनेक्टर. ते नखाने उजवीकडे डावीकडे हलवत हलवत काढलं, खालच्या चिकटपट्टीला धुळीचा गोळा, नवीन सेल बसवला, कट्ट. फार बरं वाटलं. चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर सीमॉस चेकसम एरर आला, तो येणारच होता, सेल काढल्यावर सगळं पुसलं जातं. बायोसच्या सेटअपमध्ये गेले, तारीख वेळ घातली, सवयीने एफ नाईन दाबून डिफॉल्ट लोड केले, एफ टेन, सेव्ह, झालं. "काका, झालं!" असं ओरडले पण मी, आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

मग एक्सपीचा लोगो, त्याखाली ती निळी पट्टी सरकते ना डावीकडून उजवीकडे, ती दोन-तीनदा सरकली आणि फक्कन निळं काहीतरी चमकून मशीन परत सुरू. परत लोगो, परत पट्टी, परत फक्क. दहा वेळा तरी बघितलं असेल मी, जणू अकराव्या वेळी त्याला माझी दया येणार होती.

एफ एट दाबून आपोआप रिस्टार्ट होणं बंद केलं तेव्हा निळ्या स्क्रीनवरचं वाचता आलं. झिरो एक्स, मग शून्यांची रांग आणि शेवटी सेव्हन बी. इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. म्हणजे विंडोज अर्धी उठली आणि आपण ज्या डिस्कवर राहतो ती डिस्कच तिला दिसेना. एक्सपीची सीडी शोधली, ती मात्र नशिबाने होती, रिकव्हरी कन्सोलमधून डिस्क तपासू म्हणून आर दाबलं तर ती म्हणाली सेटअपला एकही हार्ड डिस्क सापडली नाही. एकही नाही! आता सीडीला पण दिसत नाही म्हणजे डिस्कच गेली, असं मी जाहीर करून टाकलं. काकांना सांगितलं, दादाला सांगितलं, वर एक वाक्य जोडलं की जुनं मशीन आहे हो, कधीतरी जाणारच होतं. किती ऐटीत सांगते मी वाईट बातम्या.

शुक्रवारी विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरून पपी लिनक्स ही छोटी सिस्टिम चालवून बघितली, शेवटचा प्रयत्न म्हणून. आणि डिस्क समोर! सगळे फोल्डर जागच्या जागी, काकांच्या सगळ्या फाइली. मला इतका आनंद झाला की विचार न करता एक फाइल उघडली आणि काकांना हाक मारली. "बघा, आहे सगळं!"

त्यांनी बघितलं. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, टक्के, मध्येच दोन टिंबवाला ए. पानंच्या पानं.

आता मला माहितीये ते काय होतं. जुने मराठी फॉन्ट असेच होते, युनिकोडच्या, म्हणजे आत्ताच्या सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या मराठीच्या, आधीचे, इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर कुठे काना, कुठे वेलांटी, कुठे अर्धा श असं बसवलेलं. फाइलमध्ये जातात ती इंग्रजी अक्षरंच, तो फॉन्ट असला की त्याचं मराठी दिसतं, नसला की ही खिचडी. फॉन्ट एक्सपीत होता, लिनक्समध्ये नव्हता, संपलं. हे सगळं मी घाईघाईत सांगायचा प्रयत्न केला, फॉन्ट, मॅपिंग, काहीबाही, आणि जितकी बोलले तितका त्यांचा चेहरा उतरत गेला. खाली वाकून एक ओळ वाचायचा प्रयत्न केला त्यांनी. बोट ठेवून. मग सरळ झाले आणि म्हणाले, राहू दे गं.

तो "तर" आहे ना, तो छळतोय. नुसतं "राहू दे" म्हणाले असते तर चाललं असतं. "जमत नाही" म्हणाले असते तरी चाललं असतं, एक तर भांडण झालं असतं. पण "जमत नसेल तर", म्हणजे मला पळायला मागचं दार उघडून दिलं, वर दार हातात धरून उभे राहिले. दादाला असं म्हणाले असते का? जाऊ दे. तो विषय नको आत्ता.

एके काळी या घरात काहीही बंद पडलं की मला हाक होती. मॉडेम, प्रिंटर, कुणाचा पासवर्ड. एक्सपीच्या सेटअपमध्ये ती एकोणचाळीस मिनिटं उरली म्हणून दाखवायची, त्या एकोणचाळीस मिनिटांत पुढे काय काय विचारणार ते मला तोंडपाठ होतं. भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा चौकोन टिक करायचा, नाहीतर युनिकोड मराठीतली पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते, हे सांगायला लोक मला फोन करायचे. आता सगळे मोबाईललाच विचारतात आणि त्याचं काही चुकत पण नाही. आणि मी? बायोसमधली बारीक अक्षरं वाचायला भिंग लागतं मला, भिंग! शुक्रवारी रात्री खरं सांगते, थोडी रडले पण. लॅपटॉपसाठी. हसा.

आज रात्री परत बसले ते काही जिद्द वगैरे नव्हती, झोप येत नव्हती म्हणून. आणि एक गोष्ट कालपासून मागे रेंगाळत होती, की लिनक्सला डिस्क दिसते आणि सीडीला दिसत नाही, मग मेली कशी म्हणायची? मेलेली डिस्क माणसं बघून जिवंत होत नाही. सीडी परत घातली, परत तेच वाक्य, एकही हार्ड डिस्क सापडली नाही, आणि या वेळी ते वाक्य वाचताना असं वाटलं की हे आपण आधी वाचलंय. म्हणजे गुरुवारी नाही. फार पूर्वी. याच लॅपटॉपवर.

२००९. एक्सपी टाकताना हेच वाक्य आलं होतं. एक्सपी आली २००१ मध्ये, तिच्या सीडीत एएचसीआयचा, म्हणजे डिस्कशी बोलायच्या नव्या पद्धतीचा, ड्रायव्हर नसतोच, मग साटाची (म्हणजे अलीकडच्या जोडणीची) डिस्क त्या मोडमध्ये असली की तिला डिस्क दिसणारच नाही. ड्रायव्हर द्यायचा तर सेटअपच्या सुरुवातीला एफ सिक्स दाबून फ्लॉपीवरून, आणि या लॅपटॉपला फ्लॉपी कुठली. म्हणून तेव्हा मी बायोसमध्ये जाऊन साटा मोड एएचसीआयचा आयडीई, म्हणजे एक्सपीला कळणारा जुना, केला होता. दहा मिनिटांत. कुणालाही न विचारता. आणि मग ते सेटिंग कोण लक्षात ठेवून होतं इतकी वर्षं? तो कोटाच्या बटणाएवढा सेल. जो मी बुधवारी नखाने हलवत हलवत काढला.

आणि वर एफ नाईन दाबलं. डिफॉल्ट म्हणजे एएचसीआय. स्वतःच्या हाताने!

हात गार पडले एकदम. मग हसायला आलं, एकटीच, रात्री, सगळे झोपलेले. तीन दिवस मी डिस्कला नावं ठेवली, मशीनच्या वयाला ठेवली, मनातल्या मनात काकांना पण ठेवली की कशाला हवा हा प्रोग्रॅम या जमान्यात. सेल काढायच्या आधी बायोसच्या एकेका पानाचा फोटो काढून ठेवावा, हे मी जगाला सांगते. दादाला तर मागच्या वर्षी यावरून चांगलं झापलं होतं. त्याला हे अजिबात कळता कामा नये.

उरलेलं काम सांगण्यासारखं नाहीच. खाली बाण, एंटर, आयडीई, तारीख परत एकदा बघू म्हणून ती चाळवली, शनिवार, बारा वाजून वीस मिनिटं, एफ टेन. लोगो, पट्टी, पट्टी, पट्टी, मी श्वास धरून, आणि एक्सपीच्या डेस्कटॉपवरची ती हिरवी टेकडी. तो खरा फोटो आहे, चार्ल्स ओरिअरने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला, काकांना अजून पटत नाही, ते म्हणतात इतकं हिरवं काही नसतं.

शुक्रवारचीच फाइल उघडली. कंस नाहीत, डॉलर नाही, काना मात्रा सगळं जागेवर. जिथे त्यांनी बोट ठेवलं होतं साधारण तिथली ओळ वाचली. मग पुढे वाचलं नाही, ते त्यांचं आहे, मी बंद केली फाइल.

आणि इथे बसून आता हे लिहिताना तेच वाक्य परत आलं, पण जरा वेगळं ऐकू आलं. त्यांना त्या क्षणी काय वाटलं असेल? इतक्या वर्षांचं लिहिलेलं सगळं ते डॉलर आणि टक्के झालंय असंच ना. आणि ते बघून त्या माणसाने पहिलं काय केलं, तर मला ओशाळं वाटू नये म्हणून... आणि मी दोन दिवस धरून बसलेय काय, तर माझा "तर".

बरं, जमत नव्हतंच ना मला तेव्हा? नव्हतं. मग काय चुकीचं बोलले.

उद्या विचारतील काय झालं होतं. खरं सांगायचं का? एफ नाईनचं सांगायचं का? बघू.

सकाळी, आठ वाजता

काका आले लॅपटॉप उचलूनच, चार्जरची वायर मागे लोंबतेय. "अगं चालू झालं! सगळं आहे! काय झालं होतं गं?"

"एक सेटिंग हललं होतं," मी म्हणाले. हललं होतं. कुणी हलवलं हे मराठीत न सांगता वाक्य पूर्ण होतं, फार सोयीची भाषा आहे.

"मला वाटलंच तू करशील," म्हणाले. थापा. मग टेबलावर ठेवून, चार्जर लावून, उघडून माझ्याकडे वळवला आणि उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"बाकी सगळं झकास. तारीख तेवढी कालचीच दाखवतंय बघ."