तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे मंजूर झालेत, मग आर्किटेक्चर कशाला?

सरकारी खात्यांसाठी एंटरप्राइज आर्किटेक्ट म्हणून, म्हणजे खात्याची कामं आणि त्याच्या सगळ्या संगणक यंत्रणा यांची एकत्र मांडणी करणारा म्हणून, काम करताना एक प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणारे कधी खात्याचे प्रमुख असतात, कधी वित्त शाखेतले, तर कधी खिडकीवर बसून लोकांची कामं करणारे. शब्द बदलतात, आशय तोच राहतो. नव्या संगणक यंत्रणेची गरज सगळ्यांना पटली आहे, पैसे मंजूर झालेत, पुरवठादार तयार आहे, मग मध्येच हे आर्किटेक्चर कशाला?

प्रश्न रास्त आहे. ज्याच्यासमोर रोज रांग उभी असते त्याला नकाशे नको असतात, चालणारी स्क्रीन हवी असते. म्हणून आधी सरळ उत्तर देतो. पैसे मंजूर झाल्यावर जर आर्किटेक्चर आलं, तर त्याचा फारसा उपयोग नाही. तोवर काय घ्यायचं, कोणाकडून घ्यायचं आणि किती मोठं घ्यायचं हे सगळं ठरून गेलेलं असतं. उरतं ते फक्त झालेल्या निर्णयाला शोभेल असं चित्र काढणं. तसली चित्रं कोणी मागितली तर मीही नको म्हणेन. मला हे काम मंजुरीच्या आधी, प्रस्ताव अजून दोन पानांचा असताना हवं असतं.

काम म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. खातं नेमकी कोणती कामं करतं, त्या कामांना कोणती माहिती लागते, ती माहिती कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये राहते आणि ते सॉफ्टवेअर कोणत्या सर्व्हरवर, कोणत्या कंत्राटाखाली चालतं हे एका जागी मांडायचं. जॉन झॅकमन यांनी १९८७ साली आयबीएमच्या नियतकालिकात लेख लिहून अशा मांडणीचा एक आराखडा सुचवला, तेव्हापासून त्याचे अनेक प्रकार निघाले. कोणता आराखडा वापरायचा यावर लोक हिरिरीने वाद घालतात. मला त्या वादात फार रस नाही. माझ्या दृष्टीने मांडणी उपयोगाची ठरते ती तिच्यावर पैसे मांडल्यावर.

म्हणजे असं. एकाच नागरिकाचा पत्ता परवाना विभागात एक, तपासणी विभागात दुसरा, वसुलीत तिसरा, तक्रार निवारणात चौथा. चारही ठिकाणी वेगळी यंत्रणा, वेगळा देखभाल करार, वेगळा पुरवठादार. प्रत्येक विभागाच्या नजरेतून आपापली यंत्रणा योग्यच असते, आणि प्रत्येकाने ती नियमानुसारच घेतलेली असते. चौघांचे खर्च एका कागदावर शेजारी शेजारी येईपर्यंत खातं एकाच कामाचे चारदा पैसे भरतंय हे कोणालाच दिसत नाही. आणि ज्याला तोच दाखला चार खिडक्यांवर द्यावा लागतो, त्याला ते कधीपासूनच माहीत असतं. मला या कामाची ओढ आहे ती त्या माणसामुळे.

आता पैशाकडे बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. अमेरिकेच्या लेखापरीक्षण संस्थेने, म्हणजे जीएओने, २०१६ मध्ये संघीय सरकारच्या संगणक खर्चावर एक अहवाल दिला. वर्षाला ८० अब्ज डॉलरहून अधिक खर्च, आणि २०१५ च्या आर्थिक वर्षात त्यातला ७५ टक्क्यांहून जास्त भाग आधीच असलेल्या यंत्रणा चालू ठेवण्यात गेलेला. अण्वस्त्रदलांच्या समन्वयासाठी वापरली जाणारी एक यंत्रणा तेव्हाही आठ इंची फ्लॉपी वापरत होती. करदात्यांच्या नोंदी ठेवणारी मुख्य यंत्रणा अर्धशतकाहून जुनी, असेम्ब्ली या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली. वर्तमानपत्रांनी फ्लॉपी उचलली, ते साहजिकच होतं. मला मात्र त्या अहवालातली सर्वांत गंभीर गोष्ट ७५ हा आकडा वाटतो. चारातले तीन रुपये घर चालवण्यातच जात असतील, तर नव्याचा निर्णय उरलेल्या एका रुपयात घ्यायचा आहे. आणि आज घेतलेली प्रत्येक यंत्रणा उद्या त्या तीन रुपयांत जाऊन बसते. सॉफ्टवेअरचे परवाने, होस्टिंग म्हणजे यंत्रणा सर्व्हरवर ठेवण्याचा खर्च, सुरक्षा तपासण्या, कायदा बदलला की होणारे बदल हे सगळं खरेदीच्या किमतीत नसतं. प्रस्तावात पहिल्या वर्षाचा आकडा ठळक असतो. मी सातव्या वर्षाचा विचारतो.

आर्किटेक्चर नसताना मोठा पैसा लागला की काय होतं याचं एक उदाहरण जाहीर नोंदींत आहे. एफबीआयने तपासाच्या फायली कागदावरून संगणकावर आणण्यासाठी व्हर्च्युअल केस फाइल नावाची यंत्रणा बनवायला घेतली. सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये ती सोडून द्यावी लागली. अमेरिकेच्या न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी त्याच वर्षी या सगळ्या कार्यक्रमाची कारणमीमांसा केली. गरजा धड ठरल्या नव्हत्या, वेळापत्रक अवास्तव होतं, वरचे अधिकारी बदलत राहिले, कंत्राटावर ताबा नव्हता, गुंतवणुकीच्या निर्णयांना शिस्त नव्हती आणि एंटरप्राइज आर्किटेक्चरच नव्हतं. शेवटच्या दोन गोष्टी एकाच यादीत आहेत हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्या एकमेकींशिवाय चालत नाहीत. आपल्याकडे काय आहे आणि कुठे जायचं आहे हेच मांडलेलं नसेल, तर कोणता प्रस्ताव आधी आणि कोणता नंतर हे कशाच्या आधारावर ठरवणार? मग ज्याचा आवाज मोठा त्याचा प्रस्ताव पुढे जातो.

दोन्ही गोष्टी एकत्र बांधण्याचा प्रयत्न अमेरिकेने कायद्यानेच केला. १९९६ च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने प्रत्येक मोठ्या खात्याला मुख्य माहिती अधिकारी दिला आणि आर्किटेक्चर तसंच तंत्रज्ञानावरच्या भांडवली खर्चाचं नियोजन ही दोन्ही कामं त्याच्याकडे सोपवली. निवड, नियंत्रण आणि मूल्यमापन हे गुंतवणुकीचे तीन टप्पे त्याच काळात रुळले. तरीही २०१४ मध्ये आणखी एक कायदा करून सांगावं लागलं की खात्याच्या तंत्रज्ञानाच्या अंदाजपत्रकात या अधिकाऱ्याचा शब्द खरोखर चालला पाहिजे. मधली अठरा वर्षं खूप काही सांगतात. आर्किटेक्चरची शाखा उघडणं सोपं, तिला अंदाजपत्रकाच्या टेबलावर खुर्ची देणं अवघड.

आणि ती खुर्ची वेळेवर मिळावी लागते. अंदाजपत्रकाचं चक्र फार लांब असतं. अमेरिकेत आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि खात्यांच्या मागण्या त्याच्या जवळपास वर्षभर आधी, सप्टेंबरमध्ये, वर जातात. त्या मागण्या तयार व्हायला आधीचे कित्येक महिने लागतात. म्हणजे आज पटलेल्या गरजेचे पैसे हातात येतात तेव्हा दीड वर्ष उलटून गेलेलं असतं. देश बदलला की तारखा बदलतात, लांबी फारशी बदलत नाही. म्हणून आर्किटेक्टने पुढच्या दोन-तीन वर्षांत काय संपणार आहे हे आधी सांगायला हवं. कोणतं कंत्राट कधी संपतं, कोणत्या उत्पादनाचा सपोर्ट कधी थांबतो, कोणती प्रोग्रामिंग भाषा जाणणारा शेवटचा माणूस कधी निवृत्त होतो. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला थांबणार हे जगाला कित्येक वर्षं आधी माहीत होतं. तरी ब्रिटिश सरकारला आणखी एका वर्षाच्या सपोर्टसाठी मायक्रोसॉफ्टला सुमारे ५५ लाख पौंड मोजावे लागले. तारीख ठाऊक होती. ती खर्चाच्या नियोजनात वेळेवर उतरली नाही, त्याची ही किंमत.

या सगळ्यात सर्वांत मोलाचं आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे जुनी यंत्रणा बंद करणं. प्रत्येक प्रस्तावात एक ओळ ठरलेली असते: नवी आली की जुनी बंद होईल आणि तिचा खर्च वाचेल. बचतीचा आकडा बहुतेक वेळा याच ओळीवर उभा असतो. प्रत्यक्षात नवी सुरू होते आणि जुनीही चालूच राहते. जुनीत कित्येक वर्षांच्या नोंदी असतात आणि अभिलेख जतन करण्याचे नियम त्या टाकू देत नाहीत. न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणांचे कागद तिच्यातच असतात. महिनाअखेरीला भलत्याच कुठल्या तरी खात्याचा एक प्रोग्राम तिच्यातून एक फाइल उचलतो, आणि हे कोणत्याही दस्तऐवजात लिहिलेलं नसतं. किचकट प्रकरणं ‘दुसऱ्या टप्प्यात घेऊ’ म्हणून नव्या यंत्रणेबाहेर ठेवलेली असतात, आणि दुसऱ्या टप्प्याला पैसे मिळालेले नसतात. अशा रीतीने एकीच्या जागी दोन यंत्रणांचा खर्च सुरू होतो आणि वाचवायला निघालेलं खातं आणखी खोलात जातं.

म्हणून बंद करणं हे मी प्रस्तावात स्वतंत्र काम म्हणून मागतो. त्याला स्वतःचे पैसे, स्वतःची तारीख, आणि ‘हे मी बंद करून दाखवीन’ असं लिहून देणारा अधिकारी. तो अधिकारी मिळेपर्यंत बचतीचा आकडा मी शून्य धरतो. यावरून बैठकीत वातावरण तापतं. तापू द्यावं. तो आकडा पुढे वरिष्ठांसमोर आणि लोकप्रतिनिधींसमोर जाणार असतो, आणि त्यावर विश्वास ठेवून दुसऱ्या एखाद्या कामाचे पैसे कापले जाणार असतात.

अलीकडे तुमच्यापैकी अनेक जण पुढचा प्रश्न विचारतात. आता सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर आहे, सगळं अजाइल, म्हणजे छोट्या टप्प्यांनी बांधायचं आहे, मग हे जुन्या पद्धतीचं नियोजन हवं कशाला? छोट्या टप्प्यांच्या बाजूने मी मनापासून आहे. एफबीआयची पुढची यंत्रणा, सेंटिनेल, तीही रखडली होती. २०१० मध्ये संस्थेने ते काम स्वतःच्या हातात घेतलं, छोट्या टप्प्यांनी पुढे नेलं आणि २०१२ मध्ये ती चालू झाली. पण टप्पे छोटे झाले की त्यांच्यामधले सांधे वाढतात. ओळख पटवण्याची सोय एकच असेल की प्रत्येक टप्प्याची वेगळी? नागरिकाची मूळ नोंद कोणाच्या मालकीची? कोण कोणाला कोणत्या रूपात माहिती देणार? एवढं आधी ठरवा आणि बाकीचं चमूंवर सोडा. संपूर्ण खात्याचा भविष्यकाळ शेकडो आकृत्यांत कोंबणाऱ्या आर्किटेक्चरला मीही विरोध करतो. ते पूर्ण होईपर्यंत खातं बदललेलं असतं आणि ते कोणी उघडतही नाही. क्लाउडचं म्हणाल, तर त्याने खरेदी सोपी झाली, म्हणून चार विभागांनी तीच वस्तू चारदा घेणंही सोपं झालं.

तेव्हा पुढच्या वेळी प्रस्ताव घेऊन याल तेव्हा पूर्ण आराखडा आणू नका, त्याची गरज नाही. हेच काम खात्यात आज आणखी कुठे कुठे होतं, ते आणा. सात वर्षांचा खर्च आणा, काहीच न करता आहे तेच चालू ठेवलं तर येणाऱ्या खर्चासकट. काय बंद होणार आणि कोण बंद करणार, ते आणा. आणि सुरू झाल्यावर वर्षभराने खिडकीवरच्या माणसाचं नेमकं काय सोपं झालेलं असेल आणि ते कोण जाऊन मोजणार, हेही लिहून आणा. मूल्यमापनाचा तो तिसरा टप्पा जवळपास सगळीकडे राहून जातो. यंत्रणा सुरू झाली की चमू दुसऱ्या कामाला लागतो, अधिकाऱ्याची बदली होते आणि आश्वासन फायलीत राहतं. एवढे कागद पैसे मागण्याआधी माझ्या टेबलावर आले, तर वाचून उत्तर द्यायला मला सहा महिने लागणार नाहीत.