काळ्या मातीतील पट्टी : पावसाळ्यानंतरची नोंद

पावसाळ्यापूर्वी परसात पुरलेल्या, आत धातूची पट्टी असलेल्या चाचणीच्या दोन्ही नळ्या आता उकरून काढल्या आहेत. क्रिप्टो वॉलेटच्या रिकव्हरी शब्दांची, म्हणजे यंत्र हरवले तरी ज्या १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांवरून वॉलेट पुन्हा उभे करता येते त्यांची, धातूवरील प्रत जमिनीत ठेवण्याचा विचार करणाऱ्यांसाठी, त्यातही माळव्यातील मंडळींसाठी, ही नोंद लिहीत आहे. परस इंदुरात आहे, एवढेच सांगतो; अशा नोंदीत याहून अधिक पत्ता असू नये.

चाचणीच्या पट्ट्यांवर माझ्या वॉलेटचे शब्द नव्हते. अकरा वेळा ‘अबॅन्डन’ आणि शेवटी ‘अबाउट’ हा जगजाहीर संच मी त्यांवर ठोकला होता. तो सर्व शून्यांच्या १२८ बिटांपासून बनतो. शेवटच्या शब्दातील पडताळणीची ४ बिटे जुळत असल्यामुळे वॉलेट तो वैध मानते, आणि कोणाच्या हाती लागला तरी त्यातून काही गमावण्यासारखे नसते. सरावासाठी हाच संच घ्यावा, खरे शब्द कधीही घेऊ नयेत. बीआयपी-३९ या, रिकव्हरी शब्दांच्या प्रचलित मानकाच्या यादीतील २०४८ शब्दांपैकी कोणताही शब्द त्याच्या पहिल्या चार अक्षरांवरून नेमका ओळखता येतो. त्यामुळे २४ शब्दांसाठीसुद्धा जास्तीत जास्त ९६ अक्षरे ठोकावी लागतात. मात्र प्रत्येक शब्दाचा क्रमांक शेजारी हवाच, कारण क्रम बदलला की वॉलेट बदलते.

पट्टी ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची, २ मिलिमीटर जाडीची आहे. दुकानात पोलाद चुंबक लावून पारखण्याची पद्धत येथे उपयोगाची नाही, कारण कमी निकेल असलेले स्वस्त २०२ पोलादही चुंबकाला सहसा चिकटत नाही. म्हणून प्रतीचा दाखला देणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच माल घ्यावा. अक्षरांचे पंच ठोकताना पहिलाच घाव पूर्ण जोराने घालावा, कारण हे पोलाद घावासरशी कठीण होत जाते आणि दुसऱ्या घावाला तितकी खोली मिळत नाही. बिटकॉइनच्या सुरक्षेवर काम करणारे अभियंते जेम्सन लॉप यांनी २०१८पासून बाजारातील अनेक धातूप्रतींना तापवून, आम्लात बुडवून आणि दाबाखाली चेपून पाहिले आहे. सुट्या अक्षरांच्या चकत्या ओवण्याच्या रचनांपेक्षा अखंड पट्टीवर ठोकलेली अक्षरे अधिक टिकतात, हा त्यांच्या चाचण्यांतून निघणारा निष्कर्ष मला पूर्ण पटतो. टायटॅनियमचा खर्च मात्र मी केला नाही. जमिनीखाली आगीचा प्रश्न उरत नाही. तेथे खरा शत्रू ओल आहे, आणि ओलीपेक्षाही मोठा शत्रू म्हणजे स्वतः माती.

आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन बनलेली आहे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणूनच वैशाखात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खोल काळ्या मातीत घर बांधताना पायाचे खांब निदान ३.५ मीटर खाली नेण्याचा जो प्रघात आहे, तो याच हालचालीमुळे. आपण हाताने खणतो तो खड्डा सगळाच या हलत्या थरात असतो. म्हणून मी एक नळी थेट काळ्या मातीत पुरली आणि दुसरीसाठी खड्डा रुंद घेऊन तळाशी व चारही बाजूंनी मुरूम ठोकून भरला. पहिली नळी आता स्पष्ट कललेली आणि थोडी वर आलेली सापडली. मुरमातील नळी जशी ठेवली होती तशीच उभी होती. एका पावसाळ्याचा हा फरक आहे. वीस पावसाळ्यांनंतर पहिली नळी कोठे असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दोन्ही नळ्या शेतीच्या पाइपलाइनला वापरतात त्या जाड पीव्हीसीच्या होत्या. दोन्ही टोकांना टोप्या सोल्युशनने चिकटवल्या होत्या. आत पाणी शिरले नव्हते आणि ओल शोषली की रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे नारिंगीच राहिले होते. याचे बरेचसे श्रेय नळी बंद करण्याच्या वेळेला आहे: मी ती मे महिन्याच्या दुपारी, हवा अगदी कोरडी असताना बंद केली. श्रावणात बंद केलेल्या नळीत आपण आपल्याच हाताने ओल कोंडतो. पट्टी कापडात गुंडाळू नये, दोन पट्ट्या एकमेकींवर स्क्रूने आवळू नयेत. अशा फटीत ओल साठून प्राणवायू कमी पडला की स्टेनलेसवरील संरक्षक थर तेथेच आधी ढासळतो. तांब्याची तारही बांधू नये.

जागा परत सापडण्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. धातुशोधकावर विसंबू नये, कारण बेसाल्टपासून झालेल्या मातीत लोहखनिज भरपूर असते आणि यंत्र वारंवार फसवे संकेत देते. दोन पक्क्या खुणांपासून टेपने अंतरे मोजून लिहून ठेवावीत. झाड ही खूण नव्हे, आणि कुंपणाची भिंतही नव्हे, कारण ती याच मातीवर उभी असते आणि मातीबरोबर सरकते. मी घराच्या जोत्याचा कोपरा आणि दगडी विहिरीचा कठडा घेतला आहे, कारण दोन्हींचा पाया खडकावर आहे. ही मापे असलेला कागद बँकेच्या लॉकरमध्ये राहील आणि तो कशाचा आहे हे सौभाग्यवतींना ठाऊक असेल.

कोणी पट्टी उकरलीच, तरी तेवढ्यावर वॉलेट उघडू नये म्हणून मी शब्दांना पासफ्रेज, म्हणजे स्वतः ठरवलेली जादा गुप्त अक्षरे, जोडली आहे. येथे पराकोटीची दक्षता हवी: पासफ्रेजला पडताळणीची बिटे नसतात, त्यामुळे एक अक्षर चुकले तरी यंत्र तक्रार न करता वेगळेच, रिकामे वॉलेट उघडते. ती पट्टीजवळ ठेवायची नाही आणि केवळ स्मरणावरही सोडायची नाही. तिची प्रत दुसऱ्या गावी, विश्वासू नातलगाकडे, मोहरबंद पाकिटात राहील.

खरी पट्टी येत्या वैशाखातच, मुरमाच्या खड्ड्यात पुरेन. त्याआधी हार्डवेअर वॉलेट, म्हणजे वॉलेटच्या किल्ल्या सांभाळणारे छोटे यंत्र, पूर्ण पुसून, ते केवळ पट्टीवर वाचलेल्या अक्षरांवरून आणि पाकिटातील पासफ्रेजवरून पुन्हा उभे करीन, पैसे स्वीकारण्याचा त्याचा पहिला पत्ता जुन्या पत्त्याशी अक्षरशः जुळवून पाहीन, आणि मगच नळीच्या टोपीला सोल्युशन लावीन.