चार पाय, दोन तोंडं

सकाळी अग्रलेखात कुठल्याशा नव्या आघाडीबद्दल ‘विचित्र शय्यासोबती’ असं वाचलं आणि चहाचा ठसकाच लागला. शय्यासोबत म्हटलं की मराठी मन भलतीकडेच धावतं. हे ज्याचं भाषांतर, ते इंग्रजीतले ‘स्ट्रेंज बेडफेलोज’, म्हणजे गरजेपोटी एकत्र आलेले विजोड सोबती, मात्र तसे सोवळे.

शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये ट्रिंक्युलो नावाचा विदूषक वादळात आडोसा शोधत असतो. जमिनीवर कॅलिबन हा बेटावरचा विद्रूप गुलाम पडलेला, अंगाला शिळ्या मासळीचा वास. विदूषक नाक मुरडतो, पण ढग गडगडताच त्याच्याच झग्याखाली शिरतो. वर म्हणतो, आपत्ती माणसाला कसल्या कसल्या सोबत्यांशेजारी झोपवते! इतक्यात झिंगलेला स्टेफानो येतो. त्याला दिसतात चार पाय आणि ऐकू येतात दोन आवाज. हा कुठला राक्षस, म्हणून तो चक्रावतो. आघाडी सरकारचं इतकं नेमकं वर्णन मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात या वाक्यातल्या ‘आपत्ती’ची जागा ‘राजकारणा’ने घेतली. फार फरक पडला नसावा.

‘इन बेड विथ’ हा इंग्रजीतलाच दुसरा वाक्प्रचार मात्र वेगळा. अंथरूण तेच, पण बाहेर पाऊस नाही. दोघं राजीखुशीनं, दार लावून. त्याला आपल्याकडे ‘साटंलोटं’ हा फक्कड शब्द आहे. बेडफेलोजना मात्र चपखल शब्द सापडत नाही. ‘अडला हरी’ जवळ येतो, पण तिथे हरी कोण आणि गाढव कोण हे आधीच ठरलेलं. झग्याखाली तसं नसतं. तिथे कॅलिबनलाही वाटत असतं की हे आपल्याला छळायला आलेलं भूत आहे!

खरं तर हा अनुभव आपल्याला नवा नाही. लग्नघरी सतरंजीवर ओळीनं झोपताना वाट्याला आलेला, घोरणारा, पांघरूण ओढणारा वरपक्षाचा कुणी काका आठवा. सकाळी त्याच्याच शेजारी बसून पोहे खायचे असतात.

सप्टेंबर १७७६ मध्ये जॉन अ‍ॅडम्स आणि बेंजामिन फ्रँकलिन यांच्यावर हीच वेळ आली. ब्रिटिशांशी बोलणी करायला निघालेले हे दोन अमेरिकन पुढारी न्यू ब्रन्सविकच्या खानावळीत उतरले. जागा नव्हती, दोघांत एक पलंग, खोलीला एक चिमुकली खिडकी. गार हवेला भिणाऱ्या अ‍ॅडम्सनी ती लावली. फ्रँकलिन म्हणाले, उघडा, गुदमरायला होईल. सर्दी गार हवेनं होतच नाही, या, तुम्हाला माझा सिद्धान्त समजावून सांगतो. अ‍ॅडम्सनी खिडकी उघडली, टुणकन पलंगावर उडी मारली आणि सर्दीवरचं ते व्याख्यान ऐकता ऐकता झोपी गेले.