घरच्यांच्या फोनवरच्या जाहिराती बंद करताना: माझा अनुभव

‘फोनात सारख्या जाहिराती येतात, काहीतरी घालून दे’ असं घरातलं कुणी म्हणालं की मी आधी एकच विचारते: जाहिरात कधी येते? ब्राउझरमध्ये वाचताना, फोन नुसता टेबलावर पडलेला असताना, की भलतंच ॲप वापरताना? या तिन्हींची मुळं वेगळी असतात. म्हणून ॲडब्लॉकर (जाहिराती गाळणारं साधन) घालणं हे माझ्या क्रमात शेवटचं काम आहे. नोटिफिकेशनमधून येणारी जाहिरात ॲडब्लॉकर थांबवत नाही, आणि फोनात शिरलेल्या ॲपपुढे तर त्याचं काहीच चालत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनांत मला सर्वांत जास्त सापडतो तो नोटिफिकेशनचा प्रकार. चवथीच्या दिवसांत आरत्या शोधताना, दहावीच्या निकालादिवशी घाईघाईत दिसेल ती साइट उघडताना किंवा फुकट पीडीएफ उतरवताना मध्येच ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असं येतं. रोबोट ओळखण्याशी त्या बटणाचा काही संबंध नसतो. ती साइटला नोटिफिकेशन पाठवायची दिलेली परवानगी असते. मग तो टॅब बंद केला तरी ‘फोनमध्ये ५ व्हायरस सापडले’, ‘तुमचं पार्सल अडकलंय’ असे संदेश येतच राहतात. ओळखायची खूण सोपी: संदेशावर ब्राउझरचं चिन्ह असतं आणि बारीक अक्षरांत साइटचं नाव. संदेश उघडू नये. क्रोममध्ये वरची तीन टिंबं, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जायचं. तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसते. अनोळखी नावं एकेक करून ब्लॉक करायची आणि वरचं मुख्य बटणच बंद ठेवायचं, म्हणजे पुढे कुठलीही साइट विचारणारच नाही. आईबाबांच्या फोनात मी ते कायमचं बंद ठेवते. बँक किंवा वीजबिलाचे संदेश एसएमएसनं किंवा त्यांच्या ॲपमधून येतात, त्यामुळे काही अडत नाही. त्याच साइट सेटिंग्जमध्ये ‘पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स’ आणि ‘इन्ट्रुझिव्ह ॲड्स’ या दोन ओळीही ब्लॉकवर आहेत का ते पाहते.

त्या दुसऱ्या ओळीकडून फार अपेक्षा मात्र ठेवू नये. कोअॅलिशन फॉर बेटर ॲड्स या संस्थेनं ठरवलेल्या निकषांवर क्रोम जाहिराती गाळतं. मोबाइलसाठी त्यात पॉप-अप, आवाजासह आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, लखलखणारी हलती जाहिरात, पडद्याचा ३० टक्क्यांहून मोठा भाग अडवून बसणारी चिकट पट्टी असे प्रकार येतात. हे गाळणं २०१८ च्या फेब्रुवारीत सुरू झालं आणि जुलै २०१९ पासून जगभर लागू झालं. पण ते फक्त वारंवार नियम मोडणाऱ्या साइट्सना लागतं. निकषांत बसणाऱ्या जाहिराती दिसतातच.

आता ॲपचा प्रकार. व्हॉट्सॲप चालू असताना किंवा कुलूप उघडताक्षणी पूर्ण पडदाभर जाहिरात आली, तर दोष साइटचा नाही. जाहिरात समोर असतानाच रीसेंट्सचं, म्हणजे उघडी ॲप्स दाखवणारं चौकोनी बटण दाबायचं. त्या खिडकीवर ज्या ॲपचं चिन्ह दिसेल तेच बहुधा मूळ. चिन्ह कोरं असेल तर मी सेटिंग्जमधल्या ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ या परवानगीची यादी उघडते. टॉर्च, क्यूआर स्कॅनर, वॉलपेपर, फोन ‘क्लीन’ करणारं ॲप यांना दुसऱ्या ॲपवर दिसायची गरजच काय? अशांना काढून टाकायचं. अनइन्स्टॉलचं बटण दबत नसेल तर त्या ॲपनं ‘डिव्हाइस ॲडमिन’चा हक्क मिळवलेला असतो. सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तो आधी काढला की ॲप निघतं. कुठलं ॲप ते कळतच नसेल तर सेफ मोड वापरावा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पॉवर बटण दाबून पडद्यावर येणारं ‘पॉवर ऑफ’ दाबून धरलं की तो पर्याय येतो. सेफ मोडमध्ये आपण घातलेली ॲप्स झोपलेली असतात. तिथे जाहिराती थांबल्या तर दोष त्यांच्यातल्याच एकाचा. मग फोन नेहमीसारखा सुरू करून सर्वांत अलीकडे आलेल्या ॲपपासून एकेक काढत जायचं. अशा ॲपला ॲक्सेसिबिलिटीची (मुळात अपंगांच्या सोयीसाठी असलेली) परवानगी दिलेली दिसली तर ती तत्क्षणी काढावी. त्या परवानगीनं पडद्यावरचं सगळं वाचता येतं, बँकेचंसुद्धा.

फोन थरथरतो आणि लाल पडद्यावर व्हायरसचा इशारा येतो तेव्हा माणसं घाबरतात. पण फोन थरथरवणं साध्या वेबपेजलाही जमतं, त्यासाठी फोनात व्हायरस असावा लागत नाही. ‘ओके’ किंवा ‘कॅन्सल’ काहीच दाबू नये. टॅबच्या यादीतून तो टॅब बाजूला सारावा. तेही होत नसेल तर फोनच्या सेटिंग्जमधून ब्राउझर फोर्स स्टॉप करावा. बॅक दाबूनही तीच जाहिरात परत परत येते तिथे साइटनं मागच्या इतिहासात खोट्या नोंदी घुसवलेल्या असतात. बॅक दाबत बसण्यापेक्षा टॅब बंद करणं बरं.

एवढं झाल्यावर मी फोनात प्रायव्हेट डीएनएस लावते. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे: नेटवर्क सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’, मग होस्टनेमच्या चौकटीत ‘डीएनएस डॉट ॲडगार्ड-डीएनएस डॉट कॉम’, अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता. जाहिरात पुरवणाऱ्या सर्व्हरचा पत्ताच मिळत नाही, त्यामुळे ॲप्समधल्या जाहिरातीही बऱ्याच गळतात आणि डेटा वाचतो. यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम यांच्या जाहिराती मात्र यानं जात नाहीत. त्या मजकुराच्याच सर्व्हरवरून येतात, पत्ता अडवला तर मजकूरही अडेल. दुसरी अडचण गोव्यात हमखास येते: पणजी-कळंगुटकडच्या हॉटेल-कॅफेतलं वायफाय आधी लॉगिनचं पान दाखवतं, आणि प्रायव्हेट डीएनएस चालू असताना ते पान बऱ्याचदा उघडत नाही. तेवढ्यापुरतं ‘ऑटोमॅटिक’ करायचं, लॉगिन झालं की परत होस्टनेमवर आणायचं. प्रायव्हेट डीएनएस चालू असताना सर्चमधल्या ‘प्रायोजित’ दुव्यांवर टिचकी मारली तर बऱ्याचदा पान उघडत नाही. तो मला फायदाच वाटतो, कारण बिल भरण्याच्या नावाखाली चालणाऱ्या बनावट साइट्स याच जागेतून गळाला लावतात.

ब्राउझरमधला ॲडब्लॉकर आता. अँड्रॉइडवर मी फायरफॉक्स घालून त्यात यूब्लॉक ओरिजिन जोडते. मेन्यूतल्या एक्स्टेन्शन्समध्ये, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या साधनांत, ते मिळतं. नाव पूर्ण वाचावं: नुसतं ‘यूब्लॉक’ हे वेगळं आहे, ‘ओरिजिन’ रेमंड हिल यांचं. त्याच्या फिल्टर याद्यांमध्ये ‘ॲनॉयन्सेस’चा गट सुरुवातीला बंद असतो. तो चालू केला की कुकीच्या पाट्या आणि ‘ॲप घ्या’ची आर्जवं कमी होतात. संगणकावरच्या क्रोमनं एक्स्टेन्शन्सचे नियम बदलल्यामुळे तिथे मूळ यूब्लॉक ओरिजिन आता चालत नाही, ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ घ्यावं लागतं. रोजच्या वाचनाला ते पुरतं. पूर्ण ताकद हवी असेल तर फायरफॉक्सच.

मटक्यासारख्या पैशांच्या खेळांच्या जाहिराती दिसल्या तर नुसत्या गाळून गप्प बसू नये. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं अशा खेळांची जाहिरातही बेकायदा ठरवली आहे. जाहिरात बातमीचं सोंग घेऊन आली किंवा व्हायरसची खोटी भीती घालून काही विकत असेल, तर केंद्राच्या २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या) मार्गदर्शक तत्त्वांत हे दोन्ही प्रकार नावानिशी दिलेत. पडद्याचा स्क्रीनशॉट आणि साइटचा पत्ता जपून ठेवून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

एक गोष्ट मी सगळ्यांच्याच फोनात करते. गोव्यातली जी मराठी दैनिकं आम्ही रोज वाचतो, ती उघडून यूब्लॉकचं चिन्ह दाबते आणि पॉवरचं मोठं बटण त्या साइटपुरतं बंद करते. प्रायव्हेट डीएनएस चालू असताना काही जाहिराती तरीही गळतात, त्यामुळे हा उपाय अर्धाच. गावच्या पंचायतीची बातमी दुसरं कुणी देणार नाही, आणि ती देणाऱ्याचा पगार जाहिरातींतूनच निघतो. बातमीशेजारची चौकट मला चालते. बातमी झाकणारी, आवाज करणारी जाहिरात आली की त्या साइटवर बटण परत चालू, आणि का चालू केलं ते दोन ओळींच्या ईमेलनं संपादकांना कळवते.