बोर्डावर नसलेला फोटो

राजारामपुरीत माझं डिजिटल बोर्डांचं दुकान आहे. निवडणूक लागली की रात्रीचे दोन वाजतात. कुणाचा फोटो केवढा, यावरून होणारी भांडणं आम्हालाच ठाऊक.

वॉर्ड महिलांसाठी राखीव असला की ऑर्डर द्यायला नवरा येतो. उमेदवार वहिनींचा फोटो कुठल्यातरी लग्नातला, व्हॉट्सॲपवर आलेला. ह्यांचा मात्र स्टुडिओतला, हात जोडलेला. एकदा मी नवऱ्याचा फोटो जरा बारीक केला, तर प्रूफ तीनदा परत आलं. उमेदवार पुरुष असला तर बायको बोर्डावर कुठंच नाही. वरच्या पट्टीत नेते, खाली तालमीची पोरं.

परवा मशीनवर बोर्ड निघेपर्यंत अमेरिकेच्या जुन्या निवडणुकांबद्दल वाचत बसलो. (आपल्याकडं राष्ट्रपतिपदाला आमदार-खासदारच मतदार, त्यामुळं २००७ ला प्रतिभाताई उभ्या राहिल्या तरी आमच्या धंद्याला एक बोर्ड मिळाला नाही.) १९७६ साली जेराल्ड फोर्ड उभे होते, तेव्हा लोकांनी छातीवर बिल्ले लावले होते : ‘बेटीच्या नवऱ्याला राष्ट्राध्यक्ष करा’! (बेटी हे त्यांच्या बायकोचं नाव.) असला मजकूर घेऊन इथं कुणी आलं, तर मी फुकट छापून देईन. फोर्ड हरले. प्रचारात त्यांचा घसा बसला होता, म्हणून पराभव मान्य करणारा मजकूर बेटीबाईंनीच वाचून दाखवला.

पण मला जास्त भावली ती १९६४ ची रेल्वे. जुलैत राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सननी काळ्या-गोऱ्यांतला भेदभाव बंद करणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली आणि दक्षिणेतला गोरा मतदार खवळला. ऑक्टोबरात त्यांची बायको, लेडी बर्ड, त्याच मुलखात रेल्वे घेऊन निघाली. चार दिवस, आठ राज्यं, ४७ भाषणं. ती स्वतः टेक्सासची, आईकडून अलाबामाची, म्हणजे बोली तिकडचीच. तरी काही ठिकाणी पोरांनी हुर्यो केली. शेवटी न्यू ऑर्लिन्सला नवरा येऊन भेटला. देशभर ते दणक्यात निवडून आले, पण त्या आठांतली पाच राज्यं गेलीच.

वाचताना आमची भावजय आठवली. धाकटा भाऊ महापालिकेला उभा होता तेव्हा गल्लीच्या टोकाच्या एका घरात जायचं धाडस आमच्यातल्या कुणालाच नव्हतं. भिंतीवरून जुना वाद, अकरा वर्षं बोलणं बंद. ही हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन गेली आणि तासभर बाहेरच आली नाही. आम्ही कोपऱ्यावर चहा पीत उभे. आली तेव्हा हाताला पीठ. म्हातारीच्या भाकरी थापून आली होती. मताचा विषय काढलास का, विचारलं तर म्हणाली, “अण्णा, पहिल्याच दिवशी कुठं?”

पुढं तीनदा गेली. मतं पडली का, देव जाणे. भाऊ ४१ मतांनी पडला आणि मोबाईल बंद करून झोपला. दारात आलेल्या पोरांना चहा, पोहे, दोन शब्द, सगळं हिनं बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. आभाराचा बोर्ड हवा होता, दहा बाय आठ. भावाच्या प्रचाराच्या बोर्डावर मी १९ चेहरे बसवले होते, त्यात ही नव्हती. म्हटलं, या वेळी तुझा फोटो टाकतो. म्हणाली, “नको. त्या टोकाच्या आजींचं नाव टाकता येईल का बघा.”